वेल्ना भाकर का खात नाही

मंगळवार, २९ जून १९९९

आज एका खुर्चीविरुद्ध तक्रार नोंदवणं प्राप्त आहे. उधना रोडवर आमच्या लेकीच्या, योगिताच्या, ऑफिसाखाली नवा सायबर कॅफे निघालाय, तिथली ती फिरती खुर्ची. मनुष्य बसतो तेव्हा पडद्याच्या बरोबरीचा असतो. मग खुर्ची एक उसासा टाकते आणि खाली जाऊ लागते. सावकाश, कुणाच्या लक्षात न येता, सज्जनांच्या अधोगतीसारखी. पान उघडेपर्यंत माझी हनुवटी टेबलाला टेकते. संस्कृतच्या मास्तरानं, पन्नाशी उलटल्यावर, देवळातल्या घंटेकडे पाहावं तसं पडद्याकडे मान वर करून पाहायचं, हे कोणत्या शास्त्रात बसतं? कॅफे चालवणारा राकेश म्हणाला, "सर, तिचा गॅस गेलाय." मी म्हटलं, माझाही.

तिथं जाण्याचं कारण लिहून ठेवतो. जळगावच्या ज्या दैनिकाचा मी सुरत वार्ताहर आहे, त्याची सगळी पानं सध्या कारगिलनं व्यापलीत. आमच्या नवागामच्या गटारींना तिथं जागा नाही. संपादक म्हणाले, रविवारच्या तरुणांच्या पानाला काहीतरी संगणकाचं द्या. योगिता एका मिलसाठी संगणकावर साड्यांची डिझाइनं काढते. तिनं 'भस्मगड' दाखवला. नाव मी दिलंय, मूळ इंग्रजी आहे. परदेशात कुणीतरी ही चित्रकथा काढतो आणि दर सोमवारी एक पान इंटरनेटवर टांगतो. आपल्याला ते मंगळवारी दिसतं. सगळं फुकट. परदेशातही रिकामे लोक असतात हे पाहून बरं वाटलं.

कथा अशी. भस्मगडाचा सरदार ओर्दन. त्याच्या पंगतीत वाढली जाणारी भाकर मंतरलेली आहे. ती खाऊन त्याच्याशी खोटं बोललं की जीभ काळी पडते. गडाच्या किल्ल्या सांभाळणारी वेल्ना लहानपणापासून तिथंच वाढलेली, सरदाराची लाडकी. आणि गेल्या काही पानांपासून वेल्नानं ती भाकर खाणं बंद केलंय. हसते, वाढते, दारं उघडते, लावते. खात नाही. का? चित्रकार सांगत नाही. जगभरचे वाचक त्यावर भांडतायत. आजपासून मीही भांडणार. सदराचं नाव 'हेतुचिकित्सा'.

शनिवार, ३ जुलै

योगितानं शाळा सोडल्याचा दाखला मागितला. ऑफिसात लागतो म्हणाली. ट्रंक उपसून दिला.

मग वेल्नावर वाद झाला. माझं मत असं: मनुष्य जे लपवतो ते त्याच्या वागण्यातल्या एखाद्या न करण्यातून फुटतं. वेल्ना खात नाही, त्या अर्थी ती शत्रूला मिळाली आहे. प्रश्न एवढाच की किती दिवसांपासून.

योगिता म्हणाली, "नाना, तुम्ही सीधा गद्दारच करून टाकलं तिला?"

"मग काय उपास आहे तिचा?"

"तिला खोटं बोलायचं नसेल."

"खोटं बोलायचं नाही तर खावं. खरं बोलावं."

"खरं बोलायची हिंमत नाही आणि खोटं बोलायचं नाही. मग माणूस काय करेल? गप्प बसेल ने. अन् खाणार नाही."

मी म्हटलं, हा बचाव वकिलाचा झाला, वाचकाचा नव्हे. ती हसली. मग भांडी उचलता उचलता तिनं विचारलं, "त्याला कळलं तर काय करेल तो?"

"कोण?"

"सरदार."

"सरदारासारखं वागेल," मी म्हटलं.

सुंदरा आतून म्हणाली, "तुम्हना दोन्हीसना इतला गोंधळ, अन् ती बाई शे कोठली?" मी म्हटलं, कागदावरची. ती म्हणाली, "मंग तिले जेवाले घाला अन् सोडा." आमच्या बायकोनं कथेचा शेवट सुचवला आहे. छापण्यासारखा नाही.

रविवार, ११ जुलै

पहिलं सदर आलं. संपादकांनी 'इंगित' हा शब्द कापून 'इशारा' केलाय. सोसलं.

मोठे भाऊ धुडकूभाऊ सकाळीच अंक घेऊन आले. त्यांच्या लूमवर, यंत्रमागांच्या कारखान्यात, कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवला म्हणे. "गोपाल, ती बाई बदमास शे. मी तर पहिलेच वळखं." लूमवाल्यांत दोन तट पडलेत. माझ्या गटारींच्या बातम्यांवर कधी तट पडले नव्हते.

मंगळवार, २० जुलै

खुर्ची बदलली आहे! राकेशनं कुठूनशी ताठ पाठीची लाकडी खुर्ची आणून, वर उशी टाकून, तिच्यावर 'राखीव' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. माझ्याशिवाय कुणाला बसू देत नाही. पानं छापून तयार ठेवतो. चहा मागवतो, तोही बिनसाखरेचा. मी साखर सोडल्याचं त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. मुलगा लाघवी आहे. धंद्यात वर येईल.

वाचकांच्या चर्चेत मीही माझं मत टाकलं. इंग्रजी माझं, टंकलेखन राकेशचं. वेल्ना हेर आहे हे नऊ मुद्द्यांत सिद्ध केलं. कॅनडातल्या कुणीतरी उत्तर दिलं, त्यात 'लोल' एवढंच. संस्कृतात याचा अर्थ चंचल. आरोप वेल्नावर आहे की माझ्यावर ते कळलं नाही.

राकेशला विचारलं, तुला काय वाटतं वेल्नाबद्दल?

तो पडद्याकडे बघत म्हणाला, "सर, तिला सरदाराची भीती नाही वाटत. सरदाराला वाईट वाटेल याची वाटते."

हे वाक्य मी सदरात वापरणार. खंडन करायला.

निघताना सहज विचारलं, आडनाव काय रे तुझं? म्हणाला, वाघ. वाघ सगळ्यांत असतात. गाव विचारलं. भुसावळ. वडील रेल्वेत होते. भुसावळला रेल्वेत सगळेच असतात. गल्ल्याजवळ बुद्धाची छोटी मूर्ती आहे, हल्ली लोक शोभेला ठेवतात तशी. पुढे काही विचारायचं राहून गेलं.

सोमवार, ९ ऑगस्ट

बरेच दिवस लिहिलं नाही. शाळेत चाचण्या होत्या.

आज सकाळी योगिता ऑफिसला निघताना अबोली रंगाची साडी नेसली होती, दिवाळीला घेतलेली. सोमवारी, चिखलात. निघताना वाकून पाया पडली. मी म्हटलं, "परीक्षा आहे का?" ती म्हणाली, "तसंच समजा." सुंदरा तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली. कधी जात नाही. आली ती डोळे लाल करून. विचारलं तर म्हणाली, शेजारी मिरच्या भाजताय. मला ठसका लागला नाही, पण माझं नाक तिच्याइतकं तिखट नाही.

संध्याकाळी पेढे आले. योगिताची बढती. मी दोन खाल्ले. साखर सोडली आहे हे पेढ्याला लागू नाही.

रविवार, १५ ऑगस्ट

आजचं सदर माझ्या मते आतापर्यंतचं उत्तम. गेल्या मंगळवारच्या पानावर वेल्ना खंदकापलीकडे जाऊन परत आल्याचं दिसलं. पहारेकऱ्याला सांगते, काम होतं. मी लिहिलं: "कारण काहीही असो, ते गौण आहे. ज्या घरात वाढलो त्या घराला अंधारात ठेवणं हाच अपराध. सरदारानं तिला वेशीबाहेर काढावं आणि पुन्हा नाव घेऊ नये. त्याहून कमी काही केलं तर कथा ढिली पडेल."

योगितानं अंक उभ्यानं वाचला. माझे लेख ती नेहमी बसून वाचते, मध्ये मध्ये चिमटे काढते. आज काढले नाहीत.

"नाना, हे असंच वाटतं तुम्हाला?"

"कथेच्या दृष्टीनं दुसरा मार्ग नाही."

"अन् तिनं येऊन सगळं सांगितलं तर?"

"आता? आता उशीर झाला. सांगायचं तर जाण्याआधी सांगायचं."

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

"सरदारानं? छे!" मी म्हटलं आणि हसलो. ती अंकाची घडी घालत राहिली. फार बारीक घडी घातली.

सुंदरेनं मला जेवायला वाढलं नाही. म्हणजे वाढलं, पण पातेली समोर आणून ठेवली आणि निघून गेली. माझं काय चुकलं? चुकलं असेल तर मुद्रणात.

शनिवार, २१ ऑगस्ट

उद्या कानबाई, आमच्या खान्देशी कुळांची श्रावणातली देवी. यंदा मान आमच्या घरी आहे. धुडकूभाऊंचं घर आणि आमचं, सगळे इथंच जमणार. तांब्या घासून झाला, नारळाला नथ घालून ज्या पाटावर देवी सजवायची, तो पाट धुतला.

दुपारी रोटांचे गहू काढले. आमच्याकडची रीत अशी की घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. त्याच पिठाचे नैवेद्याचे रोट. ते घरच्यांनीच खायचे. शेजाऱ्याला, पाहुण्याला, जावयाला, कुणालाही द्यायचे नाहीत. हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात जिरवायचं. लग्न होऊन गेलेली लेकही, आमच्या बोलीतली आंडेर, त्या दिवशी परकी; रोट ती आपल्या सासरच्या कुळाचा खाणार. वर्षानुवर्षं पाहतोय. देवी प्रेमळ, नियम कडक.

सुंदरा मोजत होती, मी आपला दारात बसून तुळशीवृंदावनाच्या नव्या रंगावर टीका करत होतो. "हाई तुम्हनी. हाई मनी. हाई योगितानी." योगिता सूप धरून बसलेली. तिनं सूप खाली ठेवलं आणि पाणी प्यायला आत गेली. सुंदरेनं सुपाकडे पाहिलं. मग शेवटची मूठ उचलून परत डब्यात टाकली.

हिशेब चुकला वाटतं. मी म्हटलं, "पुन्हा मोज पहिल्यापासून." तिनं ऐकलं नाही.

वेल्नाबद्दल नवा तर्क: ती भाकर खात नाही कारण भाकरीत तिनंच विष घातलं आहे. हा तर्क कॅनडाला कळवला पाहिजे.

सोमवार, २३ ऑगस्ट

आज सकाळी वाजतगाजत तापीवर जाऊन कानबाईची पाठवणी केली. घर रिकामं वाटतंय. पण लिहायचं ते कालचं.

काल संध्याकाळी रोटांची पंगत बसली. गंगाफळाची भाजी, खीर, पुरणाचे दिवे. योगिता वाढत होती. सगळ्यांना वाढून झालं तरी बसेना. मी म्हटलं, बस आता. म्हणाली, "पोट बिघडलंय, नाना. नको."

"एक घास. देवीचा आहे."

"देवीचा आहे म्हणून तर नको."

धुडकूभाऊंना थट्टेची फार हौस. घास थांबवून म्हणाले, "रोट नही खाय ती आंडेर पराया घरनी! काय वं योगिता, आम्हले न सांगता नवरा करी उनी का तू?"

सगळी पंगत हसली. मीही हसलो. मीच सगळ्यात मोठ्यानं. वर भर घातली की तसा कुणी असेल तर असू द्या, लग्नातला मानपानाचा खर्च वाचेल. योगिताच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं भाऊंच्या पेल्यात ओतला; पेला भरून, वाहून, पाणी ताटाखालून माझ्या मांडीपर्यंत आलं. सुंदरा म्हणाली, "आबा, जेवा गुपचूप." तिनं थोरल्या दिराला असं कधी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. भाऊ जेवले गुपचूप.

रात्री योगितानं काय खाल्लं ते पाहिलं नाही. सकाळी ठीक दिसली. पोटाचं दुखणं लवकर बरं झालं.

मंगळवार, २४ ऑगस्ट

शाळा सुटल्यावर कॅफेत गेलो. 'राखीव' खुर्चीत बसलो. राकेशनं पान उघडून दिलं आणि आज तो माझ्या मागे उभा न राहता बाहेर जाऊन पायरीवर बसला.

नवं पान. वेल्ना गडाच्या स्वयंपाकघरात एकटी, शिळं काहीतरी खातेय. म्हातारी आचारीण विचारते, एवढी ताजी भाकर सोडून हे का? वेल्ना म्हणते (मी भाषांतर करतो): "पलीकडे एका चुलीपाशी मी आता वचन दिलंय. इथली भाकर माझी राहिली नाही. न सांगता खाल्ली तर ती चोरी होईल."

म्हणजे हेर नाही. विष नाही. नऊच्या नऊ मुद्दे पाण्यात. मी खुर्चीत मागे टेकलो आणि पहिला विचार आला तो सदराचा: माघार कशी घ्यावी, जरा ऐटीत.

आणि मग, उगाच, सुपातली ती मूठ आठवली. सुंदरेचा हिशेब चुकला असं मी लिहून ठेवलंय. लग्न झाल्यापासून सुंदरेचा हिशेब चुकलेला मी पाहिलेला नाही.

अबोली साडी. दाखला. पेढे. देवीचा आहे म्हणून तर नको.

बिनसाखरेचा चहा.

पायरीवर राकेश बसला होता, पाठ माझ्याकडे. उठताना खुर्ची वाजली, तो झटकन उभा राहिला. "सर," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "पाऊस येईलसं दिसतं." आणि निघालो. आभाळ स्वच्छ होतं.

घरी सुंदरा पाट पुसून ठेवत होती. मी विचारलं, "तुले कव्हयपाईन माहीत शे?" घरात मी अहिराणी बोलत नाही. आज तोंडातून तीच निघाली.

"मे महिनापाईन."

"माले काबर नही सांगं?"

तिनं फडकं पिळलं. "ती पोर तुम्हले सांगाले दर आठवडाले बठे. तुम्हीन त्या किल्लावाला राजानं सांगेत. मंग तुम्हनं म्हननं पेपरमा छापी उनं. आखो काय इचारती ती तुम्हले?"

बुधवार, २५ ऑगस्ट

योगिताशी बोललो. ती कपडे भरत होती. नऊ तारखेला कोर्टात लग्न केलंय. राकेशचे आईवडील, पोपटराव आणि सोनाबाई, सह्यांना होते. आमच्याकडून कुणी नव्हतं. सुंदरा कोपऱ्यापर्यंत गेली तेवढीच. कानबाई होईपर्यंत थांबायचं, आईचा सण मोडायचा नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. उद्या सकाळी जाणार.

"आईनं सांगितलं?" तिनं विचारलं.

"आधी माझं मला कळलं. उशिरा."

"रागावलात?"

हो किंवा नाही म्हणायचं होतं. मी म्हटलं, "रोट खाल्ला असतास तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं ने."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. ती साडीची घडी घालत राहिली, अंकाची घातली होती तशी, बारीक.

"राकेश येऊन तुम्हाला भेटतो म्हणत होता. पहिल्यापासून. मी म्हटलं आधी मी अंदाज घेते. मग त्यानं तुमचा पंधरा तारखेचा लेख वाचला."

"तो सरदाराबद्दल होता, बाळा."

"मग मी कुणाबद्दल विचारत होते, नाना? मीसुद्धा सरदाराबद्दलच विचारत होते."

बाहेर कुणीतरी रिक्षाचा हॉर्न वाजवत होतं. मग तिनं विचारलं, "उद्या निघताना पाया पडू ना तुमच्या? चालेल?"

आणि मी, गोपाल मास्तर, हेतुचिकित्सक, म्हणालो, "का? परीक्षा आहे का?"

जीभ काळी पडत नाही हे खरं. पडायला हवी होती. ती हसली नाही. बॅगेची चेन ओढली, ती अडकली. मी सोडवून दिली.

संपादकांना फोन करून सांगितलं, या रविवारी सदर नाही. म्हणाले, वाचक विचारतायत, सरदार आता काय करणार? मी म्हटलं, सरदाराला विचारा.

लोक काय म्हणतील याची मला भीती नाही, असं वर लिहिलं होतं. खोडलं. आहे. धुडकूभाऊ बोलतील, बोलणं सोडतील. पुढच्या कानबाईला पंगत लहान होईल. राकेशला आडनाव विचारलं ते सहज नव्हतं, हेही आता इथं लिहून ठेवतो. पण मला बसू देत नाहीये ते हे नव्हे. यातल्या एकेकाला सावकाश तोंड देता येईल. राकेशच्या घरी जाईन, बसेन, सोनाबाई वाढतील ते जेवेन. हे मी करू शकेन असं वाटतं.

काळजी वेगळीच आहे. उद्या सकाळी ती बॅग घेऊन दारात उभी राहील आणि वाकेल. मला तिला एवढंच म्हणायचं आहे की येत जा. दुपारपासून मनात घोकतोय, मोठं वाक्य नाही. पण ऐन वेळेला माझ्या तोंडून पुन्हा काहीतरी हुशारीचं निघेल आणि ती तेच घेऊन जाईल, याची मला फार भीती वाटते.